भवानीच्या आधीचं गिऱ्हाईक

“तुमच्या दुकानातल्याच मुली नेसत असतील घरी नेऊन. मला काय विचारता?”

हे मिसेस सबनीस आमच्या शेठना म्हणाल्या. बोट मात्र माझ्याकडे होतं. मी समोर गादीवर बसले होते आणि माझ्या मांडीवर त्यांनी नुकतीच परत आणलेली जांभळी कांजीवरम होती. पदराजवळ पिवळा तेलकट डाग. निऱ्यांच्या जागी पार चुरगळलेली. आणि वास? मोगरा, पावडर आणि मसालेभात. पंगतीत दोनदा वाढून घेतलेल्या बाईच्या साडीला येतो तोच. मी एवढंच म्हटलं होतं, “बाई, ही साडी नेसलेली आहे.” त्यावर हे उत्तर.

मी शैला परब. साड्यांच्या काउंटरवर आयुष्य गेलं माझं. आता रिटायर आहे, गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, गिरण्यांच्या संपानंतरची. बोरिवली पश्चिमेला कांतीशेठचं साड्यांचं दुकान होतं. पांढऱ्या चादरीची मोठी गादी, तिच्यावर आम्ही सेल्सवाले मांडी घालून. गिऱ्हाईक गादीच्या कडेला. बड्या गिऱ्हाईकासाठी एक गुबगुबीत खुर्ची वेगळी. भिंतीवर लक्ष्मीचा फोटो आणि शेजारी पाटी, ‘ग्राहक आमचे दैवत’. फोटोला रोज ताजा हार असायचा. पाटीवर धूळ असायची.

गिऱ्हाईकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. साडी विकत घेणारी बाई आणि साडी बघणारी बाई या दोन वेगळ्या जाती आहेत. घेणारी दहा मिनिटांत घेते आणि जाते. बघणारी अख्खं कपाट गादीवर उतरवते, थंडा पिते, पोराला साड्यांवर रांगायला सोडते आणि मग म्हणते, “अहो, आम्ही सहज आलो होतो.” सहज! त्या सहजच्या घड्या घालायला आम्हाला दुपार जायची. चुकून कोणी ‘थँक यू’ म्हटलं तर आम्ही दचकायचो.

पण मिसेस सबनीस या दोन्ही जातींच्या वरच्या होत्या. स्टेशनपलीकडच्या नव्या सोसायटीत राहायच्या. तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. आवाज गोड. इतका गोड की आपला अपमान झाला हे घरी गेल्यावर कळायचं. “तुझ्या हाताला घाम येतो का गं? मग दुरूनच दाखव हं.” अशा. आणि यायच्या नेहमी सकाळी, शटर उघडल्या उघडल्या. त्यामागे काय होतं ते समजायला आमच्या धंद्यातले दोन शब्द माहीत हवेत.

पहिला शब्द भवानी. दिवसाची पहिली विक्री. शेठ गुजराती, ते बोणी म्हणायचे. भवानीच्या गिऱ्हाईकाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही, त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. आणि भवानीच्या आधी विकलेला माल परत घ्यायचं तर नावच काढायचं नाही. तसं झालं तर दिवस फुकट गेला, अशी शेठची ठाम समजूत. एरवी कांतीशेठ वाघ. होलसेलवाल्याला रडवायचे. पण अगरबत्ती लागल्यापासून पहिली नोट गल्ल्यात पडेपर्यंत त्यांचं मांजर व्हायचं.

हे सगळ्या बोरिवलीत एकट्या मिसेस सबनीसनी बरोबर हेरलं होतं. त्या पहिल्या यायच्या. गुबगुबीत खुर्चीत बसायच्या. महिन्यापूर्वी नेलेला ब्लाउजपीस काढायच्या, “रंग गेला हो याचा.” शेठ घाबरेघुबरे. परत घ्यायचा नाही आणि ‘नाही’ही म्हणायचं नाही, म्हणून मग त्याच्यापेक्षा भारी ब्लाउजपीस निम्म्या भावात, वर थंडा. आम्ही बघत बसायचो. हेच दुपारी कोणी केलं असतं तर शेठनी त्याला ब्लाउजपीससकट रस्त्यावर काढलं असतं.

दुसरा शब्द जांगड. म्हणजे ओळखीच्या गिऱ्हाईकाने तीन-चार साड्या पैसे न देता घरी न्यायच्या, घरच्यांना दाखवायच्या, पसंत पडेल ती ठेवायची आणि बाकीच्या जशाच्या तशा परत आणायच्या. विश्वासावरचा व्यवहार. नियम दोनच. जांगड माल ज्या सेल्सगर्लने काढून दिला त्याची जबाबदारी तिची. आणि जांगड माल वापरला, तर तो विकला गेला. नेसलीस ना, मग घे बाई, तुझी झाली.

तर शनिवारी मिसेस सबनीस आल्या. कांदिवलीला भाचीचं लग्न आहे म्हणाल्या. तीन कांजीवरम जांगड नेल्या. मीच काढून दिल्या, शेठच्या सांगण्यावरून. मंगळवारी सकाळी तिन्ही परत. दोन कोऱ्या करकरीत आणि ही तिसरी, मसालेभात खाल्लेली.

“पसंत नाही पडली,” त्या म्हणाल्या. “आणि दिली तेव्हाच अशी होती. मी घरी जाऊन बघते तर डाग! म्हटलं, असू दे, गरीब मुलगी आहे, कशाला बोला. पण ही तर उलट माझ्यावरच आली. हो की नाही गं?”

अहो, भांडायला मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. पण एखादा माणूस इतक्या शांतपणे खोटं बोलायला लागला की आपलीच जीभ टाळ्याला चिकटते. मी शेठकडे बघितलं. शेठ लक्ष्मीच्या फोटोकडे बघत होते.

“शैलाबेन,” शेठ म्हणाले, “सॉरी बोलून टाक ना. तुझं काय जातंय? बोणीचा टाइम आहे.”

“कशाबद्दल सॉरी, शेठ?”

“अरे, कशाबद्दल पण बोल. बेन नाराज झाल्या.”

“मी ही साडी नेसले नाही. त्यांनी नेसली. डाग बघा. वास घ्या.”

शेठनी साडीला हातही लावला नाही. हात लावला तर परत घेतली असं झालं असतं ना! मिसेस सबनीस हसल्या. “चाळीतल्या मुलींना काउंटरवर बसवलं की हे असं होतं, कांतीभाई. त्यांना तरी अशी साडी कधी अंगाला लावायला मिळणार? मी समजू शकते.”

मी समजू शकते! मला वाटलं, ती खुर्ची उलटी करावी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचा मला जास्त राग आला.

“माफी मागणार नाही,” मी म्हटलं.

मिसेस सबनीस उठल्या. “मग मी उद्या सकाळी येते. तोवर हिला जरा शिकवून ठेवा. ही साडी ठेवून घ्या, त्या दोनांतली गुलाबी मला काढून ठेवा आणि मनस्ताप झाला त्याचं काय ते भावात बघा. नाहीतर आमच्या मंडळाची दिवाळीची खरेदी आम्ही दुसरीकडे करू.”

“बेन, ही साडी आत्ता घेऊन जा,” शेठ काकुळतीला आले. “बोणीच्या आधी नको. दुपारी या ना.”

“दुपारी मी झोपते,” मिसेस सबनीस म्हणाल्या. साडी पिशवीत कोंबली आणि गेल्या.

त्या गेल्यावर शेठनी मला स्पष्ट सांगितलं. उद्या सगळ्यांसमोर सॉरी. नाहीतर परवापासून यायचं नाही. वर साडी माझ्या नावावर जांगड गेलेली, तेव्हा तिचं नुकसानही माझ्या पगारातून.

नुकसानीचं मला तेवढं वाटलं नाही. म्हणजे वाटलं, खोटं कशाला बोलू? बाबा गिरणीतून घरी बसलेले, धाकटा भाऊ शाळेत, दहिसरच्या चाळीत आमचं घर माझ्या पगारावर चाललं होतं. पण खरी भीती वेगळी होती. दुकानातली मुलगी दुकानाच्या साड्या नेसते, हे एकदा बाजारात पसरलं की संपलं. त्या रस्त्यावरचं एक दुकान मला उभं करणार नव्हतं. सॉरी म्हटलं तर ते मी कबूल केल्यासारखं. नाही म्हटलं तर काढून टाकणार, आणि काढून टाकलं म्हणजे केलंच असणार. दोन्हीकडून वाट लागलेली.

आमच्याकडे सावंतकाका म्हणून सीनिअर सेल्समन होते. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचे, बायका खूश. ते म्हणाले, “पोरी, मी रोज दहा वेळा सॉरी म्हणतो. ते काय मनापासून असतं? पान थुंकल्यासारखं थुंकायचं.”

“तुम्हाला कोणी चोर म्हटलं का, काका?”

“मला कोण म्हणणार?” काका म्हणाले आणि घड्या घालायला लागले. अशी ही आमची माणसं.

संध्याकाळी मी पायरीवर येऊन बसले. पायरीच्या खाली मोनीबाय फुलांची टोपली घेऊन बसायची. गोराईची. रोज सकाळी खाडी ओलांडून होडीने यायची. गळ्यात क्रूस, अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं, तोंड अखंड चालू. आमच्या लक्ष्मीचा हार तीच द्यायची. पण पायरीच्या खालून. टोपलीचं पाणी गळतं म्हणून शेठनी तिला वर यायला बंदी केली होती. हार सुद्धा दोन बोटांनी उचलून घ्यायचे. लक्ष्मीला चालणारा हार देणाऱ्या बाईचे पाय लादीला चालत नव्हते.

“काय झाला गो बाय? तोंड का सुजलंय?” मोनीबायने विचारलं.

मी सगळं सांगितलं. जांभळी साडी म्हटल्यावर ती थांबली.

“मोरपंखी काठाची? ती सोसायटीवाली, नाकात बोलते ती?”

“तीच.”

“अगो, ती तर सोमवारी ती साडी नेसून हितंच उभी होती! रिक्षा थांबवली, माझ्याकडून दोन वेण्या घेतल्या. एक सुकलेली हाय म्हणून भांडली. मी काय आंधली हाय?”

सोमवारी आमचं दुकान बंद असायचं. म्हणून मिसेस सबनीस बिनधास्त दुकानाच्या दारात, दुकानाचीच साडी नेसून, वेणीसाठी भांडत उभ्या राहिल्या. शटर बंद म्हणजे बघणारं कोणी नाही, असा हिशोब. समोर मोनीबाय होती. पण फुलवाली बघते हे अशा बायकांच्या डोक्यातच येत नाही. आपण त्यांच्या लेखी टोपलीचाच भाग.

मी तशीच उठून आत गेले. शेठना सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं, कान खाजवला आणि म्हणाले, “फुलवालीच्या बोलण्यावर मी कस्टमर तोडू?”

“पण ती खरं बोलतेय, शेठ.”

“मला काय दिसत नाही? डाग मला पण दिसला. वास मला पण आला. पण सकाळी सकाळी तमाशा नको, शैलाबेन. बोणी खराब होते.”

म्हणजे या माणसाला सकाळपासून माहीत होतं! सगळं माहीत होतं आणि तरी माफी मी मागायची. धन्य.

रात्री जेवताना घरी सांगितलं. आई आधी माझ्यावरच उखडली. “सॉरी म्हटल्यार तुजा तोंड झिजता काय गो? घरात काय चललाहा तुका दिसता मां?”

मग मी तिला त्या बाईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. चाळीतल्या मुली, नेसत असतील घरी नेऊन. आईचा हात ताटावरच थांबला. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेही उठून बसले.

“चोरी केलंस म्हणान सांगता ती?” आई म्हणाली. “मग नको म्हणू सॉरी. नोकरी गेली तर गेली. पेज खावन रवया.”

मला तेव्हा फार रडू आलं. आईसमोरच रडले. लाज कसली?

झोप लागली नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. शेठना खरं-खोटं कळत होतं. प्रश्न अकलेचा नव्हताच, वेळेचा होता. भवानीच्या आधी ते मांजर आणि नंतर वाघ. म्हणजे मला पुरावा नको होता, साक्षीदार नको होता. मला फक्त मिसेस सबनीसच्या आधी भवानी व्हायला हवी होती. आम्ही दुकानातल्यांनी काही घेतलं तर ते भवानीत धरत नसत, तो घरचा मामला. बाहेरचं माणूस हवं. आणि त्या वेळेला दुकानाच्या दारात रोज नेमाने येणारं बाहेरचं माणूस एकच होतं.

सकाळी मी मोनीबायला कोपऱ्यावरच गाठलं.

“मावशी, आज हार देऊन झाला की आत ये. एक रुमाल घे.”

“मना आत घेतोय कोन? तुझा शेठ टोपली बघून नाक मुरडतो.”

“आज मुरडणार नाही. तू भवानीचं गिऱ्हाईक. तुला नाही म्हणायची त्याची टाप नाही.”

मोनीबायने डोळे बारीक केले. बाईला धंदा मी कशाला शिकवू? तिच्या लगेच लक्षात आलं. “त्या नाकात बोलनारीच्या आधी ना?” ती म्हणाली. “येते. पन रुमाल मी बघून घेनार हां.”

शटर वर गेलं. शेठनी पाणी शिंपडलं, अगरबत्ती लावली, कापड मोजायची मीटरपट्टी कपाळाला लावली. मोनीबायने खालून हार दिला. शेठनी तो दोन बोटांनी घेतला, फोटोला घातला, डोळे मिटले. त्याच वेळी रस्त्यावर रिक्षा येऊन थांबली. आत मिसेस सबनीस. मांडीवर तीच पिशवी.

पण मिसेस सबनीस या मिसेस सबनीस होत्या म्हणून मी वाचले. त्या उतरल्या आणि रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडायला लागल्या. “इतके कसे झाले? रोज येते मी. मीटर फास्ट आहे तुझं.” रिक्षावाला भय्या पण खमक्या. त्याने रिक्षाच बंद केली आणि हाताची घडी घालून बसला.

शेठनी डोळे उघडले तेव्हा मोनीबाय पायरी चढून आत आलेली होती. टोपली बाहेर ठेवून, पदर खोचून. थेट गुबगुबीत खुर्चीत बसली.

“ए, ए, तू कुठे आत?” शेठ ओरडले.

“रुमाल घेयाला,” मोनीबाय म्हणाली. “का? विकत नाय तुमी?”

शेठची पंचाईत झाली. हाकलावं तर भवानीचं गिऱ्हाईक. ठेवावं तर तिच्या ओल्या लुगड्याने खुर्ची ओली. त्यांनी लक्ष्मीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी माझं तोंड अगदी सरळ ठेवलं होतं. कसं ठेवलं माझं मला माहीत.

“दाखव, दाखव रुमाल,” शेठ शेवटी पुटपुटले.

मी रुमाल काढला. मोनीबायने उजेडात धरला. “ह्याचा काठ तिरका हाय. दुसरा दे.” दुसरा दिला. “ह्यो पातळ. नाक शिंकरला तर हातात येल.” बाहेर भांडण संपत आलं होतं. मिसेस सबनीस पर्समध्ये सुट्टे शोधत होत्या. मी डोळ्यांनी खुणावत होते आणि ही बया आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसली होती, ती उठायला तयार नाही. “फुलाचा नाय तुज्याकडे? निळ्या फुलाचा?”

“मावशी,” मी दात आवळून म्हटलं, “हा घे. हा छान आहे.”

“बरा. पन काय कमी कर.”

“केला, केला,” शेठच ओरडले. त्यांनाही ती खुर्चीतून उठायला हवी होती. मोनीबायने कनवटीची नोट काढली. शेठनी नोट घेतली, डोळ्यांना लावली, कपाळाला लावली, गल्ल्यात टाकली. गल्ला बंद झाल्याचा खट्ट आवाज झाला आणि मिसेस सबनीसनी पायरीवर पाय ठेवला.

“शी! हे काय?” मोनीबायकडे बघून त्या म्हणाल्या. “कांतीभाई, ही आत कशी?”

“कस्टमर आहे,” शेठ म्हणाले. आवाज बदललेला. मी तो आवाज ते होलसेलवाल्यांशी बोलताना ऐकला होता. “बोला बेन. काय काम?”

मिसेस सबनीसना काहीच कळलं नाही. नेहमीप्रमाणे त्या खुर्चीकडे गेल्या. मोनीबाय उठली नाही. मग उभ्या उभ्याच त्यांनी साडी काढून गादीवर टाकली. “ही घ्या. आणि गुलाबी दाखवा. आणि या मुलीचं काय ठरलं?”

शेठनी साडी उचलली. स्वतःच्या हातांनी उलगडली. डागापाशी आले, नाकाशी नेली. काल न आलेला वास आज त्यांना आला. “बेन, ही तर लग्नात जेवून आली.”

“म्हणजे काय? कालच सांगितलं ना मी, दिलीच तशी!”

“अगो बाय,” मोनीबाय खुर्चीतून म्हणाली, “हीच नेसून सोमवारी माज्याकडून वेन्या घेतल्यास की. एक सुकलेली म्हनून बोंब मारलीस. इसरलीस?”

मिसेस सबनीसचा चेहरा क्षणभर पडला. क्षणभरच हां. लगेच नाक वर. “फुलवालीचं ऐकणार आहात तुम्ही? मी असल्या लोकांशी बोलत नाही.”

“नका बोलू,” शेठ म्हणाले. “जांगड माल वापरला तो विकला. बिल बनवतो.”

“मी पुन्हा या दुकानात पाय ठेवणार नाही!”

“तुमची मरजी.”

“आमचं मंडळ...”

“मंडळाला पण बोलवा बेन. साडी सगळ्यांना दाखवतो. डाग पण दाखवतो.”

त्यावर मिसेस सबनीसनी पर्स उघडली. पैसे मोजून दिले, साडी पिशवीत कोंबली आणि निघाल्या. मी वाट बघत होते. काहीतरी म्हणतील. ‘चुकले’ नको, निदान माझ्याकडे बघतील तरी. नाही. माझ्या अंगावरून अशा गेल्या, जणू तिथे कपाट आहे.

मी शेठकडे वळले. म्हटलं, हे तरी. मला चोर म्हणू दिलं होतं त्यांनी, समोर बसून.

“शैलाबेन,” शेठ म्हणाले, “बसून काय राहिलीस? त्या दोन कांजीवरमच्या घड्या नीट घाल.”

बस्स. झाली माफी. सावंतकाका मान खाली घालून हसत होते. मी घड्या घातल्या. अशा घातल्या की काठ दुखले असतील त्या साड्यांचे.

पण गंमत पुढे आहे. त्या दिवशी दुकानात तोबा गर्दी झाली. लग्नसराई होती, गर्दी होणारच होती. पण शेठच्या डोक्यात बसलं, मोनीबायच्या हातची भवानी पावली. तिचा हात चांगला! दुसऱ्या दिवशी अगरबत्ती लागल्यावर शेठ स्वतः पायरीपर्यंत गेले. “मोनीबेन, आत या ना. रुमाल-बिमाल बघा.” मोनीबेन! टोपलीचं पाणी गळत होतं. शेठनी खाली गोणपाट टाकलं. रोज मोनीबाय खुर्चीत बसायची, एक रुमाल घ्यायची आणि त्याचे पैसे हारावर चढवून शेठकडूनच वसूल करायची. अख्ख्या गोराईने आमच्या दुकानाच्या रुमालांत नाकं शिंकरली असतील.

मी त्या दुकानात पुढे पुष्कळ वर्षं काढली. लोक विचारतात, इतकी वर्षं गिऱ्हाईकांशी बोललीस, काय शिकलीस? एवढंच शिकले. ग्राहक दैवत असतो, पाटी खोटी नव्हती. फक्त कुठल्या दैवताला खुर्ची मिळणार, ते सकाळी पहिला पाय कोणाचा पडला त्यावर ठरतं. खऱ्या-खोट्याचा नंबर भवानीनंतर लागतो.

मिसेस सबनीस परत आल्या. येणारच. पुन्हा पाय न ठेवणारी गिऱ्हाइकं सेल लागला की सगळ्यात आधी येतात. सकाळी, शटर उघडल्या उघडल्या, तोच गोड आवाज. खुर्चीत मोनीबाय पाय वर घेऊन थंडा पीत होती.

“बसा ना बाई,” मी गादीची कडा दाखवली. “जरा थांबावं लागेल. आमचं गिऱ्हाईक बसलंय.”

त्यांनी शेठकडे बघितलं. शेठ लक्ष्मीकडे बघत होते. बाहेर सेलचा बोर्ड लटकत होता. मिसेस सबनीस गादीच्या कडेला बसल्या.

मोनीबायने आणखी एक रुमाल मागितला. निळ्या फुलांचा. मी तो सावकाश शोधला.